लेथ नाही, तर वाडगा गोल करायचाच कशाला?

प्रश्न पुसदकडच्या एका शेतकरी भावाचा आहे. मृगाच्या वादळात धुऱ्यावरच्या कडुनिंबाची मांडीएवढी जाड फांदी मोडून पडली. जळतनात जायच्या आधी तिच्यातून एखादा लाकडी वाडगा करून पाहावा, अशी हौस त्यांना आली आहे. विकायचा नाही, कुठं मांडायचा नाही. जवळ कुऱ्हाड, करवत, हातोडा आणि दोन सपाट पटाश्या आहेत. लेथ, म्हणजे लाकूड फिरवून गोल कातायचं यंत्र, नाही आणि आणायचीही नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: लेथशिवाय वाडगा होतो का, निंबाचं लाकूड चालेल का, आणि झालाच तर त्यात काही खाता येईल का.

तिन्हींचं उत्तर हो आहे. पण भाऊ, लेथ नसल्यानं कुणाचं अडत नाही. अडतं ते ओल्या लाकडाच्या हिशोबात. नवखा माणूस हत्यारांची चिंता करत बसतो आणि वाडगा तडकतो सावलीत ठेवलेल्या ठिकाणी, हत्यार खाली ठेवल्यावर. म्हणून मी हत्यारांवर थोडं आणि लाकडावर जास्त बोलणार आहे.

आधी आकाराचं. लेथवरचा वाडगा गोल असतो, कारण ते यंत्र गोल सोडून दुसरं काही करूच शकत नाही. हाताला ही अडचण नाही, मग हातानं करताना गोलाच्या नादी लागायचं कारण काय? पूर्वी घरोघरी भाकरीचं पीठ मळायची काटवट असायची, ती एका ओंडक्यातून वाकस (आडव्या पात्याचं तासायचं हत्यार) आणि पटाशीनं कोरलेली असे. ओंडका जसा असेल तशी ती लांबट किंवा पसरट व्हायची आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

लांबट आकाराला नुसती सोय नाही, कारणही आहे. ओंडका मधोमध फोडून आडवा ठेवला की लाकडाच्या रेषा वाडग्याच्या लांबीत जातात. दोन्ही बाजूंच्या भिंतींत त्या अखंड पळतात, म्हणून तिथं भिंत पातळ केली तरी मजबूत राहते. दोन्ही टोकांना मात्र रेषा तुटलेल्या असतात. तिथली भिंत म्हणजे आखूड तंतूंचा नुसता थर, जरा धक्का लागला की टवका उडतो. गोल वाडग्यात ही दोन टोकंही बाजूंइतकीच पातळ करावी लागतात. लांबट वाडग्यात ती जाड ठेवता येतात आणि तीच धरायच्या मुठी होतात. शिवाय ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळल्यावर गोल राहतच नाही. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. सागासारखं शांत लाकूडसुद्धा पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेनं ५ ते ६ टक्के आकसतं आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेनं त्याच्या निम्म्याहून कमी. वीस सेंटीमीटर रुंदीचा वाडगा घरातल्या हवेत वाळेस्तोवर पाऊण सेंटीमीटरच्या आसपास अरुंद होईल, लांबीला तेवढाच राहील. तो लंबगोल होणारच आहे, तर पहिल्यापासून लंबगोलच करा.

आता निंबाचं. कडुनिंब चालतो, पण पहिल्या वाडग्याला मी तो सुचवला नसता. त्याच्या रेषा एका दिशेनं जात नाहीत, एका थरात इकडे आणि पुढच्या थरात तिकडे अशा गुंतलेल्या असतात. पटाशी छान चालता चालता अचानक खड्डा उपटते. ओला असेतोवर निभावतं, वाळला की घाम काढतो. सुरुवातीला थोडा उग्र वासही राहतो, तो तेल दिल्यावर आणि काही दिवसांनी कमी होतो. तुमच्याकडे निंब पडलाच आहे तर निंबाचाच करा, फक्त धार पाजळलेली ठेवा आणि घास छोटा घ्या.

निवड करायची असेल तर शिवण सगळ्यात गरीब लाकूड. हलकं, पटाशीला मऊ आणि वाळताना फारसं खेळत नाही. धुऱ्यावरची सुबाभूळ ओली असताना चांगली कोरली जाते. आंबा सोपा आहे, मोठ्या मापात मिळतो, पण त्याला भुंगा लवकर लागतो आणि पावसाळ्यात काळे-निळे डाग पडतात. ताज्या आंब्याचा चीक काहींच्या अंगावर उठतो, तेवढं सांभाळा. बाभूळ म्हणजे वखराचं, बंडीचं लाकूड. ओली असताना कोरता येते, सुकल्यावर तिच्या वाटेला जाऊ नका. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड भागात असाल तर म्हातारी झालेली संत्र्याची झाडं उपटली जातात, त्यांची खोडं मागून घ्या. फिकट पिवळं, बारीक पोताचं, घट्ट लाकूड असतं. जाडी कमी मिळते आणि वाळताना चिरतं, म्हणून छोट्या वाट्यांपलीकडे जाऊ नका, पण दिसतं फार सुंदर.

आपल्याकडे लाकूड म्हटलं की सागच, त्याला इलाज नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो आपल्या बल्लारपूरहून. म्हणून वाडगाही सागाचाच हवा असं कुठं आहे? सुका साग धार पटकन मारतो, त्याच्या अंगात वाळूसारखे बारीक कण असतात, आणि त्याची धूळ काहींना खाजते. जुन्या घराच्या चौकटीचा तुकडा पडून असेल तर जरूर वापरा, पण आधी खिळे शोधा.

साग, मोह, चिंच, आंबा, बीजा, हळदू, ऐन ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी परवानगी लागते. हौसेच्या वाडग्यासाठी झाड पाडायचं कामच नाही. वादळात पडलेली फांदी आणि सुताराकडचे तुकडे तुम्हाला पुरून उरतील. तान्ह्या पोळ्याच्या आधी सुताराकडे लाकडी बैलांचं काम जोरात असतं, तेव्हा चांगले चांगले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. फक्त त्या दिवसांत त्याच्याशी गप्पा मारायला जाऊ नका, तुकडे घ्या आणि निघा.

बिब्ब्याच्या लाकडाला हात लावू नका, अंगावर फोड येतात. कण्हेर विषारी, ती तर नकोच. रेल्वेचे जुने स्लीपर, रंगवलेलं फर्निचर, प्लायवूड यातलं काहीही खाण्याच्या भांड्याला नको.

फांदी घेताना एक गोष्ट बघा. आडव्या वाढलेल्या फांदीत ताण भरलेला असतो. कापून पाहा, गाभ्याचा ठिपका मधोमध नसतो, एका अंगाला सरकलेला असतो. वरच्या अंगाचं लाकूड कोरताना गुळगुळीत न निघता लव सुटल्यासारखं निघतं आणि वाळताना जास्त वाकतं. म्हणून फांदीचा जो भाग त्यातल्या त्यात उभा वाढला असेल आणि ज्यात गाठी नसतील, तो घ्या.

आता ओलीचा हिशोब. ताज्या लाकडात पाणी दोन जागी असतं: पेशींच्या पोकळीत मोकळं आणि पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी निघून जाईस्तोवर लाकूड हलत नाही. एकूण ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की भिंतीतलं पाणी सुटायला लागतं आणि तेव्हा आकसणं सुरू होतं. तडा जातो तो आकसल्यामुळे नाही, कमीजास्त आकसल्यामुळे. वरचा थर वाळून आवळला, आतला अजून ओला आणि फुगलेला, मग वरचा फाटतो. कापलेल्या टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पटीनं लवकर उडतं, म्हणून चिरा नेहमी टोकांपासून सुरू होतात. आणि अख्खा गोल ओंडका तर चिरल्याशिवाय राहतच नाही, कारण गाभ्याभोवती आवळायला त्याला जागा नसते.

यावरून काय करायचं ते आपोआप ठरतं. फांदी पडली त्याच आठवड्यात तुकडा कापा, हव्या त्या लांबीपेक्षा दोन्ही टोकांना चार-चार बोटं जास्त ठेवून. टोकांना मेण किंवा फेव्हिकॉलचा जाड थर फासा. तुकडा गाभ्यातून फोडून दोन फाकी करा. करवतीपेक्षा पाचरीनं फोडा, कारण पाचर रेषेच्या वाटेनं जाते आणि लाकूड आतून सरळ आहे की पिळलेलं, ते लगेच उघड होतं. पिळलेलं निघालं तर तो तुकडा चुलीला देऊन टाका आणि पुढचा घ्या. सरळ निघालं तर फोडलेल्या तोंडावरून गाभ्याचा ठिपका पूर्ण जाईल इतका थर तासून काढा, साधारण बोटभर. गाभा वाडग्यात राहिला तर चीर त्याच्यातूनच जाणार.

ऋतूचंही असंच. मे महिन्यात, नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर असताना, ओलं लाकूड उघड्यावर कोरायला बसू नका. दुपारच्या जेवणाला उठून परत येईस्तोवर काठावर केसासारख्या चिरा दिसतील. पावसाळा कोरायला उत्तम, हवा दमट असते, घाई नसते. त्यात फक्त बुरशीची काळजी. श्रावणात कोरावं, थंडीत वाळवावं, संक्रांतीच्या आसपास घासून तेल द्यावं, हा विदर्भाला जमणारा बेत आहे. उन्हाळ्यातच हौस आली तर कूलर चालू असलेल्या खोलीत काम करा. तिथली हवा ओलसर असते. मात्र तिथून वाडगा काढून एकदम ओसरीवरच्या झळांत ठेवला की तो गेलाच समजा. हात थांबला की प्रत्येक वेळी ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवायचं, मग ऋतू कोणताही असो.

हत्यारांत तुमच्याकडे एकच गोष्ट कमी आहे: गोल पटाशी. सपाट पटाशीनं खोलगट भाग कोरता येत नाही, तिचे कोपरे रुततात. हार्डवेअरच्या दुकानात गोल पटाशी मिळते, पण बहुतेक सरळ दांड्याची, ती उथळ वाडग्यापुरती ठीक. गावात लोहार असेल तर त्याच्याकडून ट्रकच्या कमानपट्ट्याची इंचभर रुंद, तोंडाशी जरा वाकवलेली करून घ्या. वळण उथळ असू द्या, नखाच्या कडेइतकं. धार बाहेरच्या अंगानं काढायला सांगा आणि तापवून तेलात बुडवायला सांगा, थंड पाण्यात असा पट्टा तडकू शकतो. धार टिकवायला आतल्या बाजूला बारीक पॉलिश पेपर गुंडाळलेली काडी आणि शेवटी जुना चामडी पट्टा एवढं पुरतं. वाकस असेल आणि हाताशी सवय असेल तर आतला मोठा माल झटपट निघतो. सवय नसेल तर वाकसाच्या भानगडीत पडू नका. जुने सुतार तुकडा पायात धरून वाकस चालवताना तुम्ही पाहिलं असेल, ते पाहण्यापुरतंच ठेवा.

बऱ्याच पोरांकडे आता ग्राइंडर असतो. खरबरीत फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून बाहेरचा आकार द्यायला तो चालेल. पण लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरवर कधीही लावू नका. ते अडकलं की यंत्र उसळून सरळ तोंडावर किंवा मांडीवर येतं. डोळ्याला चष्मा, नाकाला मास्क पाहिजेच. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात जाणं कर्करोगाचं कारण ठरतं, हे आता नक्की झालेलं आहे.

तुकडा धरायचा कसा, हा खरा प्रश्न असतो, कारण दोन्ही हात पटाशीला आणि हातोड्याला गुंतलेले. बाभळीचा जाड बुंधा बसल्या उंचीचा घ्या. त्याच्या माथ्यावर तुकडा बसेल एवढा उथळ खळगा करा. तुकडा त्यात ठेवा, सुती दोराचा लांब फास त्याच्यावरून खाली सोडा आणि फासात पाय घाला. पाय दाबला की तुकडा घट्ट, पाय उचलला की सुटला, फिरवा, परत दाबा. शिकंज्यापेक्षा हे लवकर होतं आणि ओल्या लाकडावर वळ उठत नाहीत.

फाकीचं सपाट तोंड वर ठेवून त्यावर कोळशानं लंबगोल काढा. बाजूंना काठासाठी बोटभर, टोकांना तीन-तीन बोटं जागा सोडा. मग मधोमध गिरमिटानं एक भोक घ्या, वाडगा जितका खोल हवा त्याच्यापेक्षा थोडं कमी. गिरमिटाला तेवढ्या मापावर दोरा बांधून ठेवा. कोरताना हे भोक दिसेनासं झालं की समजायचं, बूड आलं. ही खूण नसेल तर माणूस खोल खोल जात राहतो आणि एक दिवस उजेड दिसतो.

आधी आतून कोरा, बाहेरून नंतर. बाहेरचा ओबडधोबड भाग असेतोवर तुकडा स्थिर बसतो आणि हातोड्याचे घाव सोसतो. बाहेरून आधी सुबक केलं की आत मारायची सोयच उरत नाही.

आत पटाशी नेहमी काठाकडून मधल्या खड्ड्याकडे चालवायची. दोन्ही टोकांकडून उतरत मधे यायचं. मधून वर काठाकडे मारलंत तर रेषा उलट्या पडतात आणि ढलपी तुटण्याऐवजी फाटत जाते, कधी कधी काठासकट. पहिल्या फेऱ्यांत रेषेला आडवं मारा, माल भराभर निघतो आणि ढलप्या आखूड तुटतात. ओल्या लाकडात पटाशी बरोबर बसली की 'चर्र' असा ओला आवाज येतो आणि ढलपी वळून बाहेर पडते, तिच्या पाठीवर पाणी चमकतं. तोच आवाज कोरडा, 'खट' असा यायला लागला की एकतर धार गेली आहे किंवा रेष उलटली आहे. तेव्हा जोर वाढवायचा नाही, थांबून धार पाहायची.

बाहेरून काम करताना वाडगा पालथा घाला आणि बुडाकडून काठाकडे तासत या, आतल्याच्या बरोबर उलट. कुऱ्हाडीचा दांडा आखूड धरून बराचसा भाग निघतो. बूड रुंद आणि सपाट ठेवा. अरुंद बुडाचा वाडगा देखणा असतो आणि रोज कलंडतो.

ओला वाडगा लगेच पातळ करायचा नाही. पहिल्या टप्प्यात भिंत रुंदीच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड, म्हणजे पंधरा-सतरा सेंटीमीटर रुंदीला दीड ते पावणेदोन सेंटीमीटर, आणि सगळीकडे शक्य तितकी सारखी. एका जागी जाड, एका जागी पातळ असेल तर वाळणं पुढंमागं होतं आणि तिथंच तडा जातो. टोकं जाड राहणारच, म्हणून टोकांच्या कापलेल्या तोंडांवर पुन्हा मेण फासायचं.

मग वाळवणं, म्हणजे नुसतं थांबणं. आपल्याकडे यासाठी कुटारासारखी, म्हणजे मळणीनंतर उरणाऱ्या भुशासारखी, दुसरी सोय नाही. कोठ्यातल्या कोरड्या कुटारात वाडगा वीतभर खोल पुरून ठेवा. कुटार ओल हळूहळू शोषतं आणि वाऱ्याची झळ लागू देत नाही. पावसाळी हवेत आठवड्यातून एकदा काढून पाहा, बुरशीची लव दिसली तर पुसून जागा बदला. तुरीचं, सोयाबीनचं, गव्हाचं, कोणतंही चालेल, फक्त गुरांच्या हाताशी नको. कुटार नसेल तर स्वतःच्याच ढलप्या पोत्यात भरून त्यात ठेवा. किती दिवस, हे मी सांगणार नाही, जाडी आणि हवेवर आहे. वजन करा. किराण्याच्या काट्यावर दर आठवड्याला तोला आणि वाडग्याच्या बुडावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. लागोपाठ तीन-चार वेळा आकडा हलला नाही की वाळला.

आकडा थांबेपर्यंत वाडगा थोडा पिळलेला असेल, काठ टोकांशी वरखाली झालेला असेल, बूड डुगडुगत असेल. ते तसंच व्हायचं असतं, म्हणूनच जाडी ठेवली होती. फरशीवर पॉलिश पेपर पसरून बूड त्यावर घासा, बसेल. मग दुसऱ्यांदा कोरायला घ्या. आता लाकूड कडक आहे, घास कागदाइतका पातळ. बाजूच्या भिंती आठ-दहा मिलिमीटर, बूड बारा, टोकं दोन सेंटीमीटरच्या आसपास. माप काढायला आतून अंगठा आणि बाहेरून मधलं बोट फिरवत न्या, बोटांना एक-दोन मिलिमीटरचा फरक बरोबर कळतो. टकटक करूनही पाहा, जाड जागी आवाज दबका येतो, पातळ जागी मोकळा.

चीर पडलीच तर? काठावरची केसासारखी चीर असेल तर काठ तेवढा खाली उतरवा, वाडगा उथळ होईल, बिघडणार नाही. भिंतीत आरपार असेल तर गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर, कुसुमवर निघते ती लाख तापवून भरा आणि तो वाडगा कोरड्या वस्तूंना ठेवा. बुडातून गेली असेल तर मात्र जळतन.

हातोडा-पटाशीचा कंटाळा असेल, किंवा गोल पटाशी मिळतच नसेल, तर निखाऱ्यांनी वाडगा पोखरता येतो. ही वाट फार जुनी आहे आणि खरं सांगायचं तर मजा तिच्यात जास्त आहे. याला लाकूड सुकं पाहिजे, ओलं लाकूड आतल्या वाफेनं फुटतं. वाळलेल्या तुकड्याच्या मधोमध पटाशीनं छोटा खळगा करा, चिमट्यानं दोन-तीन निखारे ठेवा आणि चुलीच्या फुंकणीनं हळू फुंका. निखारा लाल राहिला पाहिजे, ज्वाळ उठता कामा नये. काठावर ओल्या मातीचा जाड लेप लावून ठेवा, म्हणजे जळणं तिकडे सरकणार नाही. एका बाजूला जास्त जळायला लागलं तर तिथं लेप चढवा आणि निखारे दुसरीकडे ढकला. बोटाच्या पेराएवढं काळं झालं की निखारे काढा, जुन्या चमच्यानं कोळसा खरवडा, पुन्हा ठेवा. घाई करून ढीगभर निखारे भरले तर लाकूड तापून तडकतं. बूड जाड असतानाच थांबा, शेवटचा काळा थर पूर्ण खरवडून काढा. हे काम कुटाराच्या ढिगापासून, पऱ्हाट्यांपासून लांब आणि हाताशी पाण्याची बादली ठेवून. संध्याकाळी वारा पडल्यावर बरं.

घासण्यावर फार बोलण्यासारखं नाही. फुटक्या काचेची कड किंवा जुन्या करवतीच्या पात्याचा गोल कापलेला तुकडा, यानं खरवडलं की पॉलिश पेपर कमी लागतो. मग ८०, १२०, २२० नंबरचे पेपर अशा क्रमानं. शेवटी ओल्या फडक्यानं पुसा, लव उभी राहील, वाळू द्या आणि २२० नं पुन्हा एक हात. बाहेरून पटाशीचे पैलू तसेच ठेवलेत तर मला जास्त आवडेल. घासून गुळगुळीत केलेला वाडगा बाजारातल्यासारखा दिसतो, मग हातानं केला कशाला?

तेल जवसाचं. आपल्याकडे जवस पिकतो, घाणीचं कच्चं तेल मिळतं आणि ते लाकडात मुरून हवेनं घट्ट होतं, म्हणजे खरोखर वाळतं. शेंगदाण्याचं, मोहाच्या बियांचं तेल वाळत नाही, चिकट राहतं आणि पुढं खवट होतं. करंजाचं तेल खाण्याच्या भांड्याला अजिबात नको. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून जवसाचं तेल मिळतं, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंची रसायनं घातलेली असू शकतात, तेही नको. कच्चं तेल कोमट करून फडक्यानं भरपूर लावा, अर्ध्या तासानं वर राहिलेलं सगळं पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे चार-पाच पातळ हात, मग दोन-तीन आठवडे सावलीत, मधूनमधून ऊन दाखवत. शेवटच्या हातात चार भाग तेलाला एक भाग मधमाशीचं मेण वितळवून घातलं तर पाणी जास्त चांगलं झटकलं जातं. थांबायची तयारी नसेल तर मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं. ते वाळत नाही आणि खवटही होत नाही, फक्त पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

एक इशारा, हा कुणी सांगत नाही. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठत जाते आणि फडकं आपोआप पेट घेतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, शेजारी कापूस किंवा कुटार असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. फडकं तारेवर उलगडून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. हो, त्यात खाता येईल, मुरमुरे, चिवडा, भाजलेल्या शेंगा, भाकरी, ठेचा, फळं, सगळं. उकळतं वरण किंवा चहा नको. रात्रभर पाणी भरून ठेवू नका, भांड्यांच्या ढिगात भिजत टाकू नका, घासणीनं खरवडू नका. हाताला लागेल तेवढं पाणी घेऊन धुवा, लगेच पुसा आणि पालथा न घालता एका अंगावर टेकवून ठेवा, म्हणजे दोन्हीकडून सारखा वाळेल. हळदीचा डाग पडला तर उन्हात ठेवा, बराचसा उडतो. लाकूड पांढुरकं आणि कोरडं दिसायला लागलं की तेलाचा एक हात द्या, साधारण उन्हाळा सुरू होण्याआधी, कारण आपल्याकडे तडा जायचा धोका तेव्हाच असतो.

निंबाच्या फांदीची दुसरी फाक उरेल, तीही तशीच टोकांना मेण फासून कुटारात टाकून ठेवा. पहिल्या वाडग्यात भिंत जाड राहते, सगळ्यांचीच राहते, आणि दुसरा कोरायला हात आपोआप वळतो.